प्रतवारीचे पंडित

धान्याची प्रतवारी करावी, कापसाची करावी, आंब्यांचीही करावी. कारण या वस्तु विक्रीसाठीं बाजारांत येतात, आणि घेणाऱ्याला आपल्या पैशाच्या मोबदल्यांत काय पदरांत पडणार हें आधीं कळलें पाहिजे. परंतु ज्यांचा जन्मच मुळीं कल्पनेंत वावरण्यासाठीं झाला आहे अशा पात्रांनाही तराजूंत घालून 'हें पहिल्या प्रतीचें, तें पांचव्या प्रतीचें' असे शिक्के मारण्याचा उद्योग जेव्हां शास्त्राच्या थाटांत चालूं होतो, तेव्हां त्या शास्त्राची थोडी झडती घेणें भाग पडतें. मेजाभोवतीं बसून खेळल्या जाणाऱ्या भूमिकाखेळांच्या जगांत असा उद्योग गेलीं वीस-पंचवीस वर्षें भरभराटीस आला आहे. खेळाचाच प्रश्न तो, त्यासाठीं मासिकाचीं पानें कशाला खर्चावीं, असें कोणी म्हणेल. त्यास आमचें उत्तर असें, कीं माणूस कामांत जें लपवितो तें खेळांत दाखवितो. आणि ज्या पिढीला खेळांतसुद्धां उणें माणूस नकोसें झालें, ती खेळाबाहेर उण्या माणसाशीं कशी वागेल हा प्रश्न क्षुल्लक नव्हे.

ज्या वाचकांस या खेळांची ओळख नसेल त्यांच्यासाठीं थोडा पूर्वेतिहास सांगणें अवश्य आहे. प्रशियाच्या लष्करी अधिकाऱ्यांस डावपेंच शिकविण्यासाठीं रायस्विट्झ नामक अधिकाऱ्यानें १८२४ सालीं एक युद्धखेळ सिद्ध केला. पुढें नाना प्रकारचे युद्धखेळ युरोप-अमेरिकेंत रूढ झाले. त्याच वळणाचे खेळ खेळतां खेळतां गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या दोघां अमेरिकनांनीं १९७४ सालीं 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध केला. तोंपर्यंत खेळाडू सैन्य हलवीत असे. या खेळांत तो एकच माणूस हलवूं लागला, आणि हलवितां हलवितां स्वतःच तो माणूस होऊं लागला. एकजण सूत्रधार होऊन जगाचें वर्णन करतो. बाकीचे आपापल्या पात्रानें काय बोलावें, काय करावें तें सांगतात. आणि जेथें फळ अनिश्चित असेल तेथें फासे टाकून निर्णय होतो. पात्राला बळ, चपळाई, काटकपणा, बुद्धि, शहाणपण आणि छाप असे सहा गुण असतात. मूळच्या रीतीनें तीन फासे टाकून प्रत्येक गुणाला ३ ते १८ मधील एक अंक मिळे. शिवाय पात्राला एक 'क्लास' असतो. त्यास आपण पेशा म्हणूं. आरंभीं पेशे तीनच होते: योद्धा, जादूगार आणि पुरोहित. १९७५ सालीं चोर आला. २०१४ सालच्या आवृत्तीच्या मुख्य ग्रंथांत पेशांची संख्या १२ झाली. या खेळांत कोणी जिंकत नाहीं व कोणी हरत नाहीं. हें वाक्य वाचकांनीं ध्यानांत ठेवावें, कारण पुढील सर्व वाद त्यावर उभा आहे.

पेशांची जी प्रतवारी सर्वांत गाजली ती २००३ सालच्या, साडेतीन या क्रमांकानें ओळखल्या जाणाऱ्या आवृत्तीची. तींत सहा प्रती आहेत. जादूगार, पुरोहित आणि अरण्यदेवतांचा उपासक ड्रुइड हे पहिल्या प्रतींत, भाट तिसऱ्या, चोर चौथ्या, योद्धा आणि नुसत्या हातांनीं लढणारा मंक हे पांचव्या, आणि अगदीं तळाशीं, सहाव्या प्रतींत, गांवांतलीं सामान्य माणसें. या प्रतवारीच्या जोडीला मार्गदर्शिका निघाल्या. त्यांत एकेका पेशाचा प्रत्येक गुण, प्रत्येक मंत्र, प्रत्येक शस्त्र निरनिराळ्या रंगांत छापलेलें असतें: तांबडें तें त्याज्य, काळें तें चालण्यासारखें, निळें तें चांगलें, आणि आकाशी तें घेतल्यावांचून गत्यंतर नाहीं असें. या सर्व खटाटोपाला 'कॅरेक्टर ऑप्टिमायझेशन' असें भारदस्त नांव आहे. नियमांच्या चौकटींतून पात्रासाठीं जास्तींत जास्त बळ पिळून काढणें हा त्याचा सरळ अर्थ. आम्हां अध्यापकांस ही जात ओळखीची आहे. नाटक न वाचतां नाटकावरची मार्गदर्शिका वाचून जो विद्यार्थी परीक्षेस बसतो, त्याला कोणत्या प्रश्नाला किती गुण हें अचूक ठाऊक असतें. नायिका कां रडली एवढेंच ठाऊक नसतें.

प्रथम न्यायाची गोष्ट बोलूं. ही प्रतवारी खोटी नाहीं. जादूगार आणि योद्धा यांत विषमता आहे, आणि ती मोठी आहे. योद्धा पायरी चढला कीं त्याचा घाव थोडा अधिक अचूक बसतो. जादूगार चढला कीं त्याला उडतां येतें, अदृश्य होतां येतें, क्षणांत दूरदेशीं जातां येतें, आणि शेवटीं इच्छा बोलून दाखवितांच ती पुरी करून घेतां येते. योद्ध्यानें खांद्यानें दार फोडावें, तों जादूगार भिंतींतून पलीकडे गेलेला असावा, असा हा प्रकार. जुन्या नियमांत ही विषमता होती, परंतु तिचें मोल मोजावें लागे. पहिल्या पायरीवर जादूगाराची प्रकृति नाजुक, आणि त्याच्याजवळ दिवसाकाठीं मंत्र एकच. शिवाय दुसरी पायरी चढण्यास योद्ध्याला २,००० अनुभवगुण पुरत, तर जादूगाराला २,५०० लागत. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीनें सर्व पेशांस एकच मोजपट्टी लावली. त्यामुळें मोल कमी झालें आणि माल तसाच राहिला. हें दाखवून देणाऱ्यांनीं चूक दाखविली, यांत शंका नाहीं. इतकेंच नव्हे, तर ती सहा प्रतींची यादी करणाऱ्याचा हेतुही शुद्ध होता. गुहेंतला काळा ड्रॅगन मारावयाचा, जुलमी नगरींतल्या गुप्त बंडखोरांच्या पुढाऱ्याचा विश्वास संपादावयाचा, चाल करून येणाऱ्या सैन्यापुढें नगराची तयारी करावयाची, अशा तीन निरनिराळ्या प्रसंगीं कोणता पेशा कितपत उपयोगी पडेल हें त्यानें विचारलें. आणि सूत्रधारानें दुबळ्यांस हात द्यावा, बलाढ्यांस आवरावें, एवढ्यासाठीं तें उत्तर मांडलें. वैद्यानें रोग्याची नाडी पाहावी तशी ही गोष्ट होती. पुढें पंडितांनीं त्या नाडीपरीक्षेचें जातपत्रक केलें. 'पांचव्या प्रतीच्या पेशाला सूत्रधारानें जपावें' या वाक्याचें रूपांतर 'पांचव्या प्रतीचा पेशा शहाण्यानें घेऊं नये' या वाक्यांत कसें झालें, हें कोणी पाहिलेंही नाहीं. आमचा वाद या दुसऱ्या वाक्याशीं आहे.

प्रतवारीचा हा नाद अमेरिकेंत जन्मला असें मात्र कोणी समजूं नये. उद्योगपर्वांत दुर्योधनाच्या विनंतीवरून भीष्म दोन्ही सैन्यांतील वीरांची मोजदाद करतात: हा रथी, हा अतिरथी, हा महारथी. कर्णाचें नांव आलें तेव्हां त्यांनीं त्याला अर्धरथी ठरविलें. कारणेंही दिलीं: कवचकुंडलें गेलीं, परशुरामाचा शाप आहे, शिवाय हा बढाईखोर आणि बेसावध. द्रोणांनीं दुजोरा दिला. आतां पत्रक म्हणून पाहिलें तर भीष्मांचें काय चुकलें? प्रत्येक बाब खरी होती. पण त्या खऱ्या पत्रकाचा परिणाम काय झाला? कर्णानें हा तेजोवध मानला, भीष्म जिवंत असेपर्यंत शस्त्र धरणार नाहीं असें सांगितलें, आणि युद्धाचे पहिले दहा दिवस कौरवसेनेचा एक मोठा वीर शिबिरांत बसून राहिला. गणना बिनचूक झाली आणि सैन्य दुभंगलें. याहून महत्त्वाची गोष्ट पुढें आहे. भीष्मांनीं ज्या उणिवा मोजल्या त्या उणिवांतूनच कर्णाची सारी कथा उभी राहिली आहे. नियमग्रंथ पालथा घालून कोणी कर्ण रचला असता, तर त्या कर्णानें कवचकुंडलें काढून दिलीं नसतीं. तो पर्याय तांबड्या रंगांत छापलेला असता. आणि जो कर्ण तीं काढून देत नाहीं, त्याच्याविषयीं व्यासांना सांगण्यासारखें फारसें कांहीं उरत नाहीं.

हें झालें काव्य. आतां पंडितांच्या आवडत्या गणितांत शिरूं. एका फेरींत सरासरी किती इजा करतां येते, हा त्यांचा मानदंड. २०१४ सालच्या आवृत्तींत 'ग्रेट वेपन मास्टर' नांवाची एक विद्या आहे: वार करण्यापूर्वीं नेमांतून ५ वजा करावयाचे, आणि वार लागला तर इजेंत १० मिळवावयाचे. पांचव्या पायरीवरचा योद्धा घ्या. बळ १८, मोठी तलवार हातीं, प्रतिपक्षाचें चिलखत १५. साधा वार वीस तोंडांच्या फाशाच्या १३ तोंडांवर लागतो, म्हणजे शेंकडा ६५, इजा सरासरी ११, गुणाकार ७.१५. विद्या वापरली तर वार शेंकडा ४० वेळां लागतो, इजा सरासरी २१, गुणाकार ८.४. फाशाचें सर्वांत मोठें दान पडल्यास इजा वाढते तें सोडून दिलें तरी निष्कर्ष बदलत नाहीं: विद्या सरस, म्हणून आकाशी. आतां त्याच चिलखताचा एक प्रत्यक्ष शत्रु समोर आणूं. त्याच आवृत्तींतल्या गॉब्लिनचें चिलखत बरोबर १५ आहे, आणि त्याचा जीव अवघा ७ गुणांचा. साधा वार लागला तर ३६ पैकीं ३५ वेळां तो पडतोच. म्हणजे साध्या वारानें त्याला लोळविण्याची शक्यता शेंकडा सुमारें ६३, आणि आकाशी विद्येनें ४०. सरासरींत जी विद्या श्रेष्ठ ठरली ती या समोरच्या शत्रूपुढें सपशेल हरली, कारण सातांनीं मरणाऱ्याला एकवीसांनीं मारण्यांत चौदा वाया गेले. पंडित म्हणतील, 'अशा वेळीं विद्या वापरूं नये. नियम तशी मुभा देतो.' अगदीं मान्य. पण केव्हां वापरावी व केव्हां नाहीं हें ठरविणारा जो विवेक, तो पत्रकाच्या कोणत्या रकान्यांत आहे? तो खेळाडूजवळ आहे, आणि त्याला रंग देतां येत नाहीं.

पत्रकाच्या पोटांत अशीं न बोललेलीं गृहीतकें अनेक आहेत. जादूगाराचें पहिलें स्थान घ्या. उद्यां कोणतें संकट येणार हें त्याला आधींच ठाऊक आहे, लागेल तो मंत्र त्यानें सकाळींच तयार ठेविला आहे, आणि एक झटापट होतांच सर्व मंडळी त्याच्यासाठीं विसावा घेणार आहेत, असें धरलें तर तो अजिंक्य खराच. परंतु २०१४ सालच्याच सूत्रधाराच्या ग्रंथांत साधारण पथकाला एका दिवसांत मध्यम अथवा कठीण अशा सहा ते आठ चकमकी झेपतील असा अंदाज दिलेला आहे. ज्या मेजावर दिवसाला एकच चकमक होते तेथें मंत्र उधळणारा राजा ठरतो; जेथें सात होतात तेथें संध्याकाळपर्यंत टिकणारा योद्धाच सर्वांना घरीं आणतो. तेव्हां पत्रकांत जो अंक पेशाच्या नांवापुढें मांडला आहे, तो पुष्कळ अंशीं त्या मेजावरच्या संवयींचा अंक आहे. मोजलें घराला आणि पाटी लावली माणसाला! मोजणीच्या या वेडाचें टोकही पंडितांनीं गांठून ठेविलें आहे. २००४ सालच्या 'सर्पंट किंगडम्स' या पुस्तकांतल्या एका शक्तीचा आधार घेऊन त्यांनीं पन-पन नांवाचा एक कोबोल्ड कागदावर रचला. त्याच्या सामर्थ्याला नियमाप्रमाणें अंतच नाहीं. हा एक बौद्धिक विनोद होता आणि त्याला कोणी खेळावयास घेऊं नये हें रचणारेही जाणून होते. विनोद म्हणून आम्हांसही तो आवडतो. परंतु त्यांत एक बोध आहे, तो असा, कीं या मार्गाच्या शेवटीं जें पात्र उभें आहे त्याच्याशीं खेळतांच येत नाहीं. त्याला कशाची भीति नाहीं, कशाची वाण नाहीं, म्हणून त्याला कथाही नाहीं.

या पक्षाचा सर्वांत बळकट युक्तिवाद आतां घेऊं. ते म्हणतात, 'पात्राला बलवान करणें आणि पात्राची भूमिका उत्तम वठविणें यांत विरोध आहे असें मानणें हा हेत्वाभास आहे. एकच खेळाडू दोन्ही गोष्टी करूं शकतो; आणि ज्याचें पात्र दुबळें तो भूमिका चांगली करतोच असेंही नाहीं.' हें तर्कदृष्ट्या निर्दोष आहे. गबाळें पात्र रचणें म्हणजे कलावंत होणें नव्हे, आणि हिशेबांत पक्का असलेला माणूस भावनेंत कच्चा असतो असें मानण्याचें कारण नाहीं. परंतु 'विरोध नाहीं' एवढें सिद्ध झालें म्हणजे 'परिणाम नाहीं' हें सिद्ध होत नाहीं. व्यापार आणि मैत्री यांत तर्कतः विरोध नाहीं. तथापि ज्या घरांत सकाळपासून रात्रीपर्यंत भावच बोलले जातात तेथें मैत्रीचें बोलणें हळूहळू थांबतें. प्रश्न क्रमाचा आहे. पात्र रचावयास बसलेल्या मुलीनें प्रथम 'ही कोण आहे, हिला कशाची ओढ आहे' असें विचारलें आणि मग नियमांतून तिला साजेसें बळ शोधलें, तर तो हिशेब कथेचा सेवक झाला. तिनें प्रथम आकाशी रंगाचे पर्याय गोळा केले आणि मग त्यांच्या बेरजेवर नांव व पूर्ववृत्त चिकटविलें, तर कथा हिशेबाची पावती झाली. एका पायरीपुरता सैतानाशीं करार, पुढें धर्मवीराची शपथ, असलीं पात्रें आज ढिगांनीं रचलीं जातात, कारण त्या दोहोंची बेरीज चांगली येते. आतां धर्मवीरानें सैतानाशीं करार कां केला, या एका प्रश्नावर उत्तम कादंबरी उभी राहील! परंतु ज्याला उत्तर आधींच ठाऊक आहे, आणि तें उत्तर 'छाप हा एकच गुण दोन्हींस पुरतो' असें आहे, तो हा प्रश्न विचारणार कशाला?

आणि मेजावर तो एकटा बसलेला नसतो. आमच्या परिचयाच्या कांहीं विद्यार्थ्यांत हे खेळ चालतात. त्यांपैकीं एका मंडळींत, प्रथमच खेळावयास आलेल्या एका मुलानें मंक हा पेशा मागितला. त्यावर 'तो घेऊं नकोस, पथकाला भार होईल' असें त्याला सांगण्यांत आलें, आणि निमूटपणें त्यानें सांगितलेला जादूगार घेतला. कोणी त्याचा अपमान केला नाहीं. उलट सर्वांनीं मदतच केली. पण त्या मदतींत त्याची पहिली इच्छा नाहींशी झाली. प्रतवारीची खरी हानि येथें आहे. बलवान होण्याचा हक्क कोणी कोणाचा काढून घेत नाहीं. उणें असूनही सोबत चालण्याचा हक्क मात्र काढून घेतला जातो. भिन्न सामर्थ्याच्या माणसांनीं एकत्र वाट चालणें हाच ज्या खेळाचा विषय, त्यांत 'भार' हा शब्द शिरला कीं खेळाचा पाया खचतो.

दोष केवळ खेळाडूंचा आहे असें आम्ही म्हणत नाहीं. तिसऱ्या आवृत्तीच्या तीन रचनाकारांपैकीं माँटी कुक यांनीं 'आयव्हरी टॉवर गेम डिझाइन' या लेखांत मोकळेपणानें सांगितलें आहे कीं कांहीं पर्याय इतरांहून कमी मोलाचे आहेत हें ठाऊक असूनच ते ग्रंथांत ठेविले होते. नियमांवर प्रभुत्व मिळविणाऱ्यास त्या प्रभुत्वाचें फळ मिळावें, हा हेतु. अवघे ३ जीवगुण देणारी 'टफनेस' ही विद्या त्यांतलीच. ही पद्धति सर्वस्वीं योग्य होती असें आपणांस आतां वाटत नाहीं, असेंही त्यांनीं तेथेंच लिहिलें. तो त्यांचा प्रामाणिकपणा. परंतु ज्या ग्रंथांत खड्डे मुद्दाम खणलेले आहेत, त्या ग्रंथाच्या वाचकांनीं खड्ड्यांचे नकाशे काढले तर नवल काय? शिवाय पुस्तकावर पुस्तक काढून नवे नवे पर्याय विकावयाचे म्हटलें, कीं नवा पर्याय जुन्याहून थोडा चमकदार करण्याचा मोह प्रकाशकास होणारच. प्रतवारीचे पंडित हे या बाजाराचे बिनपगारी दलाल आहेत; तें त्यांच्या लक्षांत येत नाहीं, इतकेंच.

'मग सर्व पेशे समबल करा, म्हणजे प्रतवारी आपोआप मरेल,' असा उपाय सुचविला जातो. तो करून झाला आहे. २००८ सालच्या चौथ्या आवृत्तीनें सर्व पेशांच्या शक्ति एकाच सांच्यांत ओतल्या: कांहीं वाटेल तेव्हां, कांहीं चकमकींत एकदां, कांहीं दिवसांतून एकदां. न्याय या दृष्टीनें तो प्रयत्न आदरणीय होता. परंतु योद्धा आणि जादूगार यांचें व्याकरण एकच झालें, आणि दोघे एकाच आवाजांत बोलूं लागले अशी तक्रार पुष्कळांनीं केली. २००९ सालीं जुन्या साडेतीनाव्या आवृत्तीच्या पायावर 'पाथफाइंडर' उभा राहिला, आणि असंख्य खेळाडू तिकडे गेले. विषमता नको म्हणून वैचित्र्य घालविलें तर खेळाडू विषमतेकडेच परत जातात, असा त्याचा अर्थ आम्ही घेतों. माणसांना सारखेपणा नको असतो. त्यांना आपापल्या वेगळेपणासह बसण्यास जागा हवी असते. ती जागा नियमग्रंथ अर्धीच देऊं शकतो. उरलेली मेजावरच्या माणसांनीं एकमेकांस द्यावयाची असते.

म्हणून आमचें मागणें मर्यादित आहे. प्रतवारीचीं पत्रकें जाळावीं असें आम्ही म्हणत नाहीं. तीं सूत्रधाराच्या हातीं असावीं, आणि कोणाला हात द्यावयाचा हें कळण्यापुरतीं त्यानें वाचावीं. गणिताची ज्याला गोडी आहे त्यानें पन-पनसारखे चमत्कार कागदावर खुशाल रचावेत. तोही बुद्धीचा खेळ आहे आणि त्यांत कमीपणा नाहीं. परंतु नवा खेळाडू पात्र रचावयास बसला, कीं त्याच्यासमोर पत्रक ठेवूं नये. त्याला काय व्हावयाचें आहे हें प्रथम विचारावें, आणि त्यानें 'मंक' म्हटलें तर सूत्रधारानें आपल्या कथेंत असा एक प्रसंग योजावा, कीं जेथें शस्त्रें दाराशीं ठेवून आंत जावें लागेल. तेथें पहिल्या प्रतीचे वीर क्षणभर मागें राहतील, पांचव्या प्रतीचा पुढें होईल, आणि मेजाभोवतीं बसलेल्या सर्वांना कळेल कीं पथक कशासाठीं असतें. एवढें ज्या सूत्रधाराला जमत नाहीं त्याला कोणतेंही पत्रक वांचवूं शकणार नाहीं; आणि ज्याला जमतें त्याला पत्रकाची गरज फार थोडी.